गोधडी आणि गोळी

चिलखत म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, म्हणून अफझलखानाचा वार फुकट गेला, ही गोष्ट आपण चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचली आणि पुढे आपल्या मुलांना झोपवताना इंग्रजी-मराठीची भेसळ करून सांगितली. ते चिलखत म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेलं जाळं. कट्यारीपुढे ते टिकतं, पण बंदुकीच्या गोळीपुढे नाही. कडी तुटते आणि तिचे तुकडेच गोळीबरोबर शरीरात घुसतात. बंदुका सुधारत गेल्या तसं अंगावरचं चिलखत मागे पडलं आणि वस्तुसंग्रहालयात जाऊन बसलं. ते परत आलं गेल्या पन्नास वर्षांत, आणि गंमत म्हणजे लोखंडाच्या नव्हे, तर सुताच्या रूपात.

मी या विषयावर लिहितोय याचं मंडळातल्या काहींना आश्चर्य वाटेल. मी तुम्हाला माहीत आहे तो प्रोजेक्ट प्लॅन आणि डेटाबेस यांत बुडालेला माणूस. पण २००० सालच्या आसपास मी अमेरिकेत मास्टर्स केलं ते कॉम्पोझिट मटेरियल्समध्ये, आणि माझा प्रबंध गोळी अडवणाऱ्या कापडावर होता. पदवी मिळाल्यावर कळलं की या क्षेत्रातल्या बऱ्याचशा नोकऱ्या संरक्षण खात्याशी जोडलेल्या असतात आणि त्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. त्यामुळे अनेकांसारखा मीही कॉम्प्युटरच्या वाटेला लागलो. तरी त्या विषयावरचं वाचन काही सुटलं नाही.

या कापडाची गोष्ट सुरू होते ती डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन गावी, ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथे स्टेफनी क्वोलेक नावाची एक रसायनशास्त्रज्ञ होती. तिला खरं म्हणजे डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय शिक्षणाला पैसे जमवण्यासाठी तिने १९४६ साली तात्पुरती म्हणून ही नोकरी धरली आणि चाळीस वर्षं तिथेच राहिली. १९६० च्या दशकात पेट्रोलची टंचाई येणार अशी चर्चा होती, म्हणून मोटारीच्या टायरसाठी हलका पण मजबूत धागा शोधायचं काम तिच्या गटाकडे होतं. १९६५ साली तिने बनवलेला एक द्राव नेहमीसारखा दाट, पाकासारखा आणि स्वच्छ झाला नाही. पातळ आणि गढूळ झाला. इथल्या पुस्तकांत त्याचं वर्णन ताकासारखा असं केलेलं आढळतं. असा द्राव कुणीही ओतून दिला असता. धागा काढायच्या यंत्रावरच्या तंत्रज्ञाने तर सुरुवातीला नकारच दिला, कारण त्या गढूळ द्रावाने यंत्राची बारीक छिद्रं बुजतील अशी त्याला भीती होती. बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी धागा निघाला, आणि तो वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट मजबूत निघाला. तेच केवलार. नाहीतरी ताकाची किंमत मराठी माणसाला सांगायला नको!

त्या द्रावाचं रहस्य असं. साध्या नायलॉनचे रेणू शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुरफटलेले असतात. केवलारचे रेणू न शिजवलेल्या शेवयांसारखे ताठ. नदीत सोडलेले ओंडके जसे प्रवाहाबरोबर एका दिशेला लागतात, तसे ते द्रावातच रांगेत लागतात. गढूळपणा येतो तो त्या रांगांमुळे. धागा ओढला की सगळे रेणू त्याच दिशेने सज्ज असतात, म्हणून तो ताण इतका सोसतो.

टायरसाठी शोधलेला हा धागा माणसाच्या छातीवर आणला तो अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या लेस्टर शुबिन नावाच्या अधिकाऱ्याने. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने हे कापड घड्या घालून त्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. गोळ्या अडल्या. १९७५ मध्ये काही शहरांतल्या पोलिसांना ही जॅकेटं वापरून पाहायला दिली गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिअ‍ॅटलमधल्या एका पोलिसाचा जीव त्यामुळे वाचला. त्यानंतर एकट्या अमेरिकेतच असे वाचलेले पोलीस तीन हजारांहून अधिक आहेत. क्वोलेकबाईंना १९९६ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं आणि २०१४ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

आता हे कापड गोळी अडवतं कसं? मी मुलांना समजावताना गोधडीची उपमा देतो. पोलीस शर्टाच्या आत घालतात ते मऊ जॅकेट म्हणजे या कापडाच्या पंचवीस-तीस थरांची गोधडीच. गोळी पहिल्या थरावर आदळली की ज्या दोन-चार धाग्यांवर ती पडते ते ताणले जातात, आणि तो ताण धाग्यातून दोन्ही बाजूंना पळत सुटतो. केवलारमध्ये त्याचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास असतो. पिस्तुलाची गोळी येते सेकंदाला चारशे मीटरने. म्हणजे गोळी एक बोट पुढे सरकेपर्यंत ताणाची बातमी हातभर लांब पोचलेली असते, आणि तेवढ्या लांबीचा धागा गोळीला मागे ओढायला मदत करतो. एका गावावरचं संकट दहा गावांनी वाटून घ्यावं, तसं. बातमी जितकी लवकर पोचेल तितके जास्त हात मदतीला येतात. त्यामुळे धागा नुसता मजबूत असून भागत नाही, तो ताठ आणि हलकाही असावा लागतो. सुधारणेची पहिली दिशा हीच होती. १९८० च्या दशकात पॉलिथीनचा असा धागा बाजारात आला. पॉलिथीन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीचंच. पण त्याचे रेणू फार लांबलचक ठेवून आणि ओढून सरळ करून केलेला तो धागा पाण्यावर तरंगतो, आणि त्यातून ताण केवलारपेक्षाही वेगाने पळतो. त्याचा दोष एकच, उष्णता सोसत नाही. दीडशे अंशांच्या आतच वितळतो.

दुसरी सुधारणा विणकामातली. विणलेल्या कापडात धागा वर-खाली जातो आणि प्रत्येक गाठीशी ताणाची लाट अडखळते. म्हणून पुढे धागे न विणता नुसते शेजारी शेजारी लावून, एक थर उभा आणि एक आडवा, असे पातळ राळेने चिकटवायला सुरुवात झाली.

माझा प्रबंध या राळेबद्दलच होता. विमानाच्या पंखासाठी कॉम्पोझिट करताना धागा आणि राळ यांची पकड जितकी घट्ट तितकं चांगलं. वर्गात आम्ही हेच शिकलो होतो. चिलखतात मात्र गणित उलटं. राळ जास्त झाली किंवा फार घट्ट चिकटली, तर सगळे थर मिळून एक टणक पाटी होते आणि गोळी त्यातून बुचासारखा गोल तुकडा कापून आरपार जाते. राळ कमी, वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवली, तर आघाताबरोबर थर एकमेकांपासून सुटतात, प्रत्येक थर मोकळेपणाने ताणला जातो, आणि थर सुटण्यातही गोळीची ऊर्जा खर्च होते. चिरोट्याचे पापुद्रे सुटायला हवेत, शंकरपाळ्यासारखा घट्ट गोळा उपयोगाचा नाही. आमच्या हेलियमच्या दाबावर चालणाऱ्या गॅस गनमधून पोलादाचा छोटा तुकडा सुटला की क्षणात सगळं संपायचं. मग दिवसभर त्या तुकड्याने फोडलेले थर एकेक करून मोजत बसायचं. केवलार कापणं हीसुद्धा एक शिक्षाच. साध्या कात्रीत ते नुसतं पिंजतं.

या चाचण्यांमधली एक गोष्ट मला त्या वेळी फार विचित्र वाटली होती. जॅकेट चाचणीसाठी लावतात ते माणसाच्या पुतळ्यावर नव्हे, तर मूर्तिकार वापरतात त्या तेलकट मातीच्या ठोकळ्यावर. ती माती नीट मळून, ठरावीक तापमानाला आणून, तिच्यावर एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकून तिचा मऊपणा तपासतात. मग गोळी झाडायची. गोळी आरपार गेली नाही एवढ्याने जॅकेट पास होत नाही. मागच्या मातीत पडलेला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये. कारण गोळी अडली तरी कापड आत घुसतं, आणि त्या धक्क्याने बरगडी मोडू शकते, काळजाला इजा होऊ शकते. गोळी थांबली म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे त्या मातीने मला शिकवलं.

रायफलची गोष्ट मात्र वेगळी. पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटरच्या गोळीत साधारण सहाशे-साडेसहाशे ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ ची गोळी वजनाला जवळपास तेवढीच, आठ ग्रॅमची, पण सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगाने येते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती होते दोन हजार ज्यूल. शिवाय गोळी टोकदार, आणि अनेकदा तिच्या पोटात पोलादाचा गाभा. ती गोधडीचे धागे बाजूला सारून, तोडून निघून जाते. तिच्यासाठी गोधडीच्या पुढे फरशी लावावी लागते. ही फरशी सिरॅमिकची: अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. फरशी गोळीपेक्षा कठीण असल्यामुळे गोळीचं टोक तिच्यावर चेपतं, फुटतं. फरशीही फुटते, पण फुटताना धक्का शंकूसारखा पसरवून मागच्या थरांवर देते. उरलेले तुकडे गोधडी पकडते. दोघांपैकी एकटं कुणीच पुरेसं नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपण सगळ्यांनी इथे टीव्हीपुढे बसून काढली. हेमंत करकरे शिरस्त्राण आणि जॅकेट चढवत आहेत, ते दृश्य कोण विसरेल? त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळ करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघेही गेले. पुढे करकरे यांचं जॅकेट गहाळ झाल्याचं उघड झालं आणि त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी त्याचा जाब विचारला. मुंबई पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जाबद्दल मोठं वादळ उठलं. मी ते दृश्य पाहत होतो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता: ते जॅकेट कुठल्या गोळीसाठी बनलं होतं? समोर एके-४७ होत्या. पुढे फरशी नसेल तर उत्तम प्रतीची गोधडीसुद्धा त्यांच्यापुढे कमीच पडते. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, तेव्हा त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. माझ्यासाठी तरी प्रबंधातला तो आठ ग्रॅमचा आकडा त्या रात्रीनंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

भारतात त्यानंतर बरंच काम झालं. जॅकेटांसाठी भारतीय मानक २०१८ साली आलं, आयएस १७०५१. कुठली गोळी, किती वेगाने, किती अंतरावरून, हे त्यात पातळीवार लिहिलेलं आहे. त्याच वर्षी लष्करासाठी १ लाख ८६ हजार जॅकेटांची मागणी नोंदवली गेली. २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी मिळून ‘अभेद’ नावाचं जॅकेट तयार केल्याचं जाहीर केलं. पॉलिमर आणि देशी बोरॉन कार्बाइड वापरून केलेलं हे जॅकेट, संरक्षणाच्या पातळीप्रमाणे, ८.२ आणि ९.३ किलोचं आहे. शहरातल्या माणसाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण नऊ किलो अंगावर घेऊन डोंगर चढणाऱ्याला विचारा! या क्षेत्रात शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी लोक आयुष्यं घालवतात ती उगाच नाही.

पण सुधारणा सरळ रेषेत होत नाही. झायलॉन नावाचा एक धागा १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला. केवलारपेक्षा दीडपटीहून मजबूत. जॅकेटं पातळ झाली, हलकी झाली, पोलीस खूश. मग जून २००३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये एका पोलिसाच्या जॅकेटमधून, जी गोळी अडायलाच हवी होती ती आत गेली. तो वाचला, पण जखमी झाला. जॅकेट वर्षभरसुद्धा जुनं नव्हतं. तपासात निघालं की उष्णता आणि दमटपणा यांनी हा धागा कमकुवत होतो. म्हणजे माणसाच्या घामाने! २००५ च्या ऑगस्टमध्ये न्याय खात्याने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. कोर्टकज्जे पुढे कितीतरी वर्षं चालले. प्रयोगशाळेत धागा कोरडा असतो, माणूस मात्र घामाघूम असतो. आता जॅकेटांच्या चाचणीत ती आधी कित्येक दिवस दमट उष्णतेत गोल फिरवून म्हातारी करतात आणि मगच गोळी झाडतात. ही सुधारणा नव्या धाग्याइतकीच मोलाची.

बोरॉन कार्बाइडचंही असंच. हिरा आणि आणखी एक पदार्थ सोडला तर कठीणपणात त्याचाच नंबर, आणि वजनाला अ‍ॅल्युमिनियमहूनही थोडा हलका. तरी ठरावीक वेगाच्या वर तो अचानक ढिला पडायचा. २००३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि अमेरिकन लष्कराची प्रयोगशाळा इथल्या संशोधकांनी फुटलेले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात दोन-तीन नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्या दिसल्या. तेवढ्या जागेत स्फटिकाची शिस्त मोडून काचेसारखा गोंधळ झाला होता. कारण कळल्यावर उपाय शोधता येतो. आता त्यात थोडं सिलिकॉन मिसळून तो दोष कमी करायचे प्रयत्न चालू आहेत.

आणखी एक प्रयोग तुम्ही घरीच करू शकता. वाटीत कॉर्नफ्लॉवर घेऊन थोड्या पाण्यात कालवा. चमचा हळू फिरवला तर फिरतो, जोरात मारला तर दगडासारखा अडतो. डेलावेअर विद्यापीठातल्या नॉर्मन वॅग्नर आणि लष्करी प्रयोगशाळेतल्या एरिक वेट्झेल यांनी २००० नंतरच्या वर्षांत याच तत्त्वावर सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा द्राव केवलारमध्ये मुरवला. कापड मऊच राहिलं, पण आघाताच्या क्षणी धागे एकमेकांवरून सरकेनात. सुऱ्यापासून आणि सुईपासून बचावाला ते विशेष उपयोगी ठरलं. वर्तमानपत्रांनी त्याला द्रवरूप चिलखत म्हणून डोक्यावर घेतलं. रायफलच्या गोळीवर मात्र तो उपाय नाही.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्या ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, आपल्यातल्याच एका वहिनींचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही त्यात मास्टर्स केलंय ना? दप्तरात ठेवायची बुलेटप्रूफ पाटी मिळते म्हणे. मुलासाठी घेऊ का? पैशांचा प्रश्न नाही.”

मी त्यांना विचारलं, त्या पाटीवर पातळी कुठली लिहिली आहे. त्यांनी वाचून सांगितलं, तीन-ए. म्हणजे फरशी नसलेली मऊ गोधडी. ती पिस्तुलाची गोळी अडवू शकते. पण न्यूटाउन, पार्कलंड, युवाल्डी, या तिन्ही ठिकाणी होती ती रायफल. रायफलची पाटी घ्यायची तर दप्तरात आणखी दोन-तीन किलो, आणि दहा वर्षांचा मुलगा ती रोज वाहणार. शिवाय न्याय खात्याची संस्था पोलिसांच्या जॅकेटांना प्रमाणपत्र देते, शाळेच्या दप्तरांना देत नाही. आणि वर्गात दप्तर असतं खुंटीला किंवा लॉकरमध्ये.

“म्हणजे उपयोग नाही?” वहिनींनी विचारलं.

“काही गोळ्यांना आहे, वहिनी. तुम्हाला जिची भीती वाटते तिला नाही.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “निदान आपण काहीतरी केलं असं तरी वाटलं असतं.” मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आईवडिलांच्या त्या भावनेवरच तो सगळा बाजार चालतो हे मला माहीत आहे, पण ती भावना खोटी नाही. माझाही मुलगा तेव्हा शाळेत होता, आणि दारं बंद करून दिवे मालवून कोपऱ्यात बसायचा सराव तो बालवाडीपासून करत आला होता.

शेवटी वहिनींनी पाटी घेतली नाही. शाळेच्या पालकसभेला त्या नियमाने जाऊ लागल्या. वर्गाची दारं आतून बंद होतात का, घरी बंदूक असेल तर ती कुलपात ठेवा असं पत्र शाळा पालकांना पाठवते का, असे प्रश्न विचारू लागल्या. गेल्या वर्षी त्या सभेला मीही गेलो होतो. आपले लोक अशा सभांना कमी दिसतात. मुलांच्या मार्कांसाठी जितक्या हिरिरीने जातो, तितक्या हिरिरीने यासाठीही जायला हवं.

इंजिनिअर मंडळी ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द सहसा वापरत नाहीत. ते म्हणतात गोळीला प्रतिकार करणारं. कुठल्याही चिलखताची ताकद मोजायची एक रीत अशी आहे की ज्या वेगाला निम्म्या गोळ्या अडतात आणि निम्म्या आरपार जातात, तो वेग शोधायचा. म्हणजे मोजमापाच्या मुळाशीच कबुली आहे की अभेद्य असं काही नसतं. गेल्या पन्नास वर्षांत तो वेग थोडा थोडा वर गेला आणि वजन थोडं थोडं खाली आलं, आणि त्या थोड्या थोड्यातून हजारो माणसं संध्याकाळी घरी परतली. ही प्रगती लहान नाही. पण दहा वर्षांच्या मुलासाठी तिच्यावर विसंबून राहता येत नाही. त्याचं कवच मोठ्या माणसांनी वेगळ्या कापडाचं विणायला हवं.

जाता जाता एक विनंती. आपल्या गणेशोत्सवाला हॉलच्या दाराशी मंडळ एक पोलीस अधिकारी ठेवतं. ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, गणवेशाच्या आत दोन-अडीच किलोची गोधडी घालून तो बिचारा पाच-सहा तास उभा असतो. यंदा आरतीनंतर आत जेवायला वळण्याआधी त्याला थंड पाणी आणि दोन मोदक नेऊन द्या.